इझाबेलबाईंच्या गाडीच्या फळ्या

लवू मेस्त्री घरात बोलायचा नाही. लालबागच्या त्या चाळीत हे काही नवल नव्हतं. पहिली पाळी करून आलेल्या माणसाला बोलायचं त्राण कुठून असणार? पण लवूचं न बोलणं जरा जास्तच होतं. आमटीत मीठ नसलं तरी तो मुकाट जेवून उठायचा, आणि शेवंतीला ते स्वतः पानावर बसल्यावर कळायचं. मुलं गावी आजीजवळ शाळेला होती. खोलीत दोघंच, आणि त्यातला एक असा. शेवंतीने ते केव्हाच पत्करलं होतं. माणूस मुळात अबोलच आहे म्हटल्यावर रागावायचं तरी कशावर?

म्हणूनच तो बोलायला लागला तेव्हा ती सावध झाली.

झालं असं. लवू गिरणीच्या सुतारखात्यात होता. त्याच गिरणीच्या स्टोअरमध्ये सायमन डिमेलो नावाचा कारकून होता, गिरगावातल्या खोताच्या वाडीतला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोघं शेजारी शेजारी चालले, अश्रुधुरात दोघांनी एकाच पंच्याने डोळे पुसले, तेव्हापासून त्यांची दोस्ती. सायमनकडे बापाच्या वेळची एक विलायती मोटार होती. मुंबई आपल्याला मिळाली की मगच ही रस्त्यावर काढीन, असं सांगून त्याने ती वाडीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती. मुंबई मिळायच्या आधी सायमनच गेला, काविळीने. आता साठ साल उजाडलं होतं. मे महिन्यात राज्य येणार असं पेपरात छापून आलं, आणि सायमनच्या बायकोने, इझाबेलबाईंनी, लवूला निरोप धाडला की मेस्त्री, त्या दिवशी गाडी निघाली पाहिजे.

इंजिन गिरगावातल्याच एका मेकॅनिकने अंगावर घेतलं. लवूच्या वाट्याला आला तळ. त्या वेळच्या गाड्यांना आत पायाखाली लाकडी फळ्या असत. शेड वर्षानुवर्षं गळत होती आणि फळ्यांचा पार भुगा झाला होता. लवूने कुठून तरी जुनं सागवान मिळवलं, संध्याकाळी आणि रविवारी तिकडे जाऊन नव्या फळ्या कापल्या, घासल्या, बसवल्या. मित्राच्या शब्दासाठी एवढं करणं रास्तच होतं, आणि शेवंतीनेही तोवर तोंडातून ब्र काढला नव्हता.

पुढचा प्रश्न आला फळ्यांना लावायचं काय, आणि तिथे लवूला वाचा फुटली.

जेवता जेवता तो आपणहून सुरू व्हायचा. डांबर लावलं तर पाणी आत शिरणार नाही, पण उन्हात पाघळेल, कपड्यांना लागेल. व्हार्निश दिसायला झकास, पण चालून चालून त्याचे पापुद्रे निघतात आणि मग पाणी खाली मुरून लाकूड आतल्या आत कुजतं. अळशीचं तेल लाकडात उतरतं खरं, पण त्याचे हातावर हात द्यावे लागतात आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. इझाबेलबाई म्हणतात अळशीचंच लावा, त्यांच्या घरचा जिना सासऱ्याच्या वेळेपासून अळशीच्या तेलावर टिकलाय. इझाबेलबाई म्हणतात डांबराचा वास सायमनला सोसायचा नाही. इझाबेलबाई म्हणतात काळा रंग नको, लाकडाची रेघ दिसली पाहिजे. शेवंती भाकरी थापत ऐकायची. घरी मोरीचा उंबरा दिवाळीपासून कुजला होता. तो बदला म्हणून तिने किती वेळा सांगितलं होतं, आणि नवरा सुतार होता.

मग त्याने सागवानाचे चार तुकडे केले. एकाला डांबर, एकाला व्हार्निश, एकाला अळशीचं तेल लावलं, एक कोरा ठेवला, आणि चारही गॅलरीच्या कठड्यावर मांडले. सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्यावर तांब्याने पाणी ओतायचा, संध्याकाळी येऊन बोट फिरवून बघायचा. कोणी हात लावायचा नाही अशी चाळीला ताकीद. शेजारच्या खोलीतली सुभद्रा असल्या संधीची वाटच बघत असे. मेस्त्र्यांनी घरात नवे देव बसवले वाटतं, नैवेद्य कधी दाखवतात, असं तिने चार बायकांत विचारलं. आणि पाणी भरताना हळूच, बाई दिसायला कशी आहे गं? शेवंतीने घागर आपटली. तिने बाईला पाहिलंच नव्हतं.

शेवंतीला मत्सर वाटत होता. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. लवू काही वावगं करील असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. तेवढी ती त्याला ओळखून होती. तिला जळवत होतं ते त्याचं बोलणं. इतकी वर्षं तिने वाट पाहिली ते बोलणं त्याच्यापाशी होतं तर, भरपूर होतं, फक्त ते तिच्यासाठी नव्हतं. शिवाय आणखी एक. शेवंती शिरोड्याची, होड्या बांधणाऱ्याची मुलगी. लाकडाला पाण्यापासून कसं वाचवायचं हे तिने चालायला शिकण्याआधी पाहिलेलं. नवरा त्याच गोष्टीसाठी डोकं खाजवतोय, गिरगावातल्या बाईचा सल्ला घेतोय, आणि समोर बसलेल्या बायकोला विचारायचं काही त्याला सुचत नाही. नुसतं विचारलं असतं तरी तिचं समाधान झालं असतं.

एका रविवारी तो तंबाखूची चंची घरी विसरला. शेवंतीने ती कमरेला खोचली आणि गिरगावची ट्राम पकडली.

शेड सापडायला वेळ लागला नाही. गाडीचे दरवाजे उघडे होते, लवू गुडघ्यांवर बसून शेवटच्या फळीची कड रंध्याने घासत होता. त्याच्याशी गप्पा मारत शेजारी फ्रॉक घातलेली एक बाई उभी होती, शेवंतीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, केसांत पांढऱ्या तारा, हसरी. बरं दिसणारी. शेवंतीने मनातल्या मनात तिला म्हातारी करून ठेवलं होतं, ते सगळं फुकट गेलं. बाईंनी तिचं स्वागत मात्र मनापासून केलं, मेस्त्रीणबाई आल्या म्हणून घरातून सरबत आणलं, मेस्त्र्यांच्या हाताचं कौतुक केलं. मग बसून दाखवते म्हणत त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. सायमन गाडीत चपला घालून चढू देत नसे, त्यामुळे आपण कायम अनवाणीच बसतो, असं त्यांनी हसत सांगितलं. त्या पाय उचलणार एवढ्यात लवूने खांद्यावरचा पंचा काढला आणि फळीवरचा भुसा पुसून घेतला. पंचा शेवंतीने सकाळीच धुतलेला होता. त्या पुसलेल्या जागेवर बाईंचा गोरा पाय पडला.

बास. एवढंच झालं. पण शेवंतीने सरबत तसंच खाली ठेवलं. चंची त्याच्या हातात देऊन ती निघाली, आणि ट्रामभर तिला तो पाय दिसत राहिला.

त्या दिवशी जेवताना लवूच्या आधी तिनेच तोंड उघडलं. डांबर नको आणि अळशीही नको, तिने सांगितलं, आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. पाणी शिरत नाही, वाळवी लागत नाही, बापाने लावलेल्या होड्या अजून समुद्रात आहेत. हंगाम चालू आहे, भावाला कळवलं तर बोटीने डबा येईल.

लवू घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. आणि मग त्याने विचारायला सुरुवात केली. तेल दाट असतं का, वाळायला किती दिवस, उन्हात मऊ पडतं का, रंग किती काळा, लाकडाची रेघ दिसते का. प्रश्नांवर प्रश्न. आमटी गार झाली तरी त्याला भान नव्हतं. शेवंती सांगत होती आणि तिचा जीव सुपाएवढा होत होता. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदा तिला काही विचारत होता. मनात जे योजलं होतं त्यापासून तिचं मन तिथेच फिरायला आलं होतं. पण तेवढ्यात तो खुशीत म्हणून गेला की हे ऐकून इझाबेलबाई खूश होतील. तिचं फिरत आलेलं मन होतं तिथेच थांबलं.

शेवटी त्याने विचारलं, "सरळ लावूचा, की आधी काय करूक व्हया?"

"सरळच लावा," शेवंती म्हणाली. "पण हातान नको. बुरशान लावा. वास जाणा नाय हाताचो."

ते खोटं होतं. काजीचं कच्चं तेल म्हणजे विस्तव. कातडीला लागलं की उततं, फोड येतात, अंग सुजतं. तिचा बाप ते घरापासून लांब माडाखाली उकळायचा, त्यात राळ घालायचा, काम करणारे हातापायांना खोबरेल चोपडल्याशिवाय डब्याजवळ जायचे नाहीत, आणि तेल दिलेली होडी महिनाभर उन्हात पडून राहायची. तोवर तिच्यात कोणी अनवाणी पाय ठेवायचा नाही. शेवंतीला हे सगळं पाठ होतं. नवऱ्याचे हात वाचावेत म्हणून तिने ब्रशाचं सांगितलं. बाईंच्या पायांबद्दल ती काही बोलली नाही.

डबा आला. ती स्वतः भाऊच्या धक्क्यावर जाऊन घेऊन आली, नव्या हंगामाचं ताजं तेल, झाकणाला मेण लावून बंद केलेलं. लवूने कोऱ्या ठेवलेल्या चौथ्या तुकड्यावर ब्रशाने हात दिला आणि तो बाकीच्या तीन तुकड्यांशेजारी कठड्यावर ठेवला. पाणी ओतलं की थेंब नुसते घरंगळून जात. त्याने बाकीचे तीन तुकडे चुलीत घातले. आपण जिंकलो असं शेवंतीला वाटलं, आणि ते वाटणं गोड होतं, हे नाकबूल करून चालायचं नाही.

शनिवारी तो फळ्यांना तेलाचा पहिला हात देऊन आला. त्याचे तळवे काळे होते, पार मनगटापर्यंत.

ब्रश कुठे गेला, तिने विचारलं. ब्रश वरच्या वर फिरतो, तो म्हणाला, लाकडात उतरवायचं तर तळहाताने रगडावं लागतं. हे तिला कळायला हवं होतं. त्याने आयुष्यात कुठल्या लाकडाला हात लावल्याशिवाय ते पुरं केलं होतं? तिने रॉकेलने त्याचे हात पुसले, खोबरेल चोळलं, पुन्हा चोळलं. उद्या जाऊ नका म्हणाली. का, तर उगीच, रविवार आहे, घरी थांबा. तो तिच्याकडे पाहून हसला. बायको आपल्याला घरी थांब म्हणतेय याचंच त्याला बरं वाटलं असावं. खरं कारण तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागणार, तेव्हा ती गप्प राहिली. खोबरेल वेळेवर लावलंय, होईल बरं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सकाळी हात थोडे लालसर होते. तेलाचा दुसरा हात द्यायला तो गिरगावला गेला.

दुपारी चाळीखाली टॅक्सी थांबली. टॅक्सीतून कोण येणार, म्हणून बायका गॅलरीत वाकल्या. इझाबेलबाई लवूला दंडाला धरून जिना चढवत होत्या. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते. घाम पुसताना तेल तोंडाला लागलं असावं, डोळे सुजून मिटले होते, ओठ जाड झाले होते. फळ्यांवर गुडघे टेकून काम करायची सवय, तेव्हा गुडघे आणि पावलंही उतली होती. बाईंनी त्याला खाटेवर बसवलं. डॉक्टरकडे नेलं होतं, इंजेक्शन दिलंय, आठवडाभर हात भिजवायचे नाहीत, आणि सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. शेवंती भिंतीला टेकून उभी होती. सुभद्रा दाराशी येऊन उभी राहिली, तिच्या मागे बाकीच्या बायका.

तेलात खोट नाही, लवू सुजलेल्या ओठांनी म्हणाला, आपल्यालाच सोसलं नाही. आधी बायकोची बाजू घ्यायची म्हणून घाईघाईने म्हणाला.

बाई ट्रंकेवर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या, फक्त दमलेल्या.

"मी सांगत होते अळशीचं लावा म्हणून," त्या शेवंतीला म्हणाल्या. "ऐकलं नाही. म्हणाले, हे तिच्या बापाच्या घरचं तेल आहे, लावीन तर हेच. भांडले माझ्याशी, खरं सांगते. आणि मला पायसुद्धा ठेवू दिला नाही. म्हणाले, तेल तिचं, पहिला पाय तिचा. तुमच्याकडे नव्या होडीवर आधी घरची बाई चढते म्हणे. तुम्हाला न सांगता घेऊन यायचं होतं त्यांना, पुढच्या रविवारी."

शेवंतीने लवूकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते, पण आपलं गुपित फुटलं म्हणून तो ओशाळून थोडासा हसत होता. शिरोड्याची ती रीत तिने त्याला लग्नानंतर कधी तरी सांगितली होती. तो तेव्हा काही बोलला नव्हता, आणि तिने धरून चाललं होतं की त्याने ऐकलंच नाही.

बाई उठायला लागल्या. पुढच्या रविवारी याच तुम्ही, म्हणाल्या, यांचे हात बरे असोत नसोत, मी न्यायला येते. तुम्ही चढा, मग मी चढते, सायमनची गाडी आहे, दोघी मिळून बसू.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. ती गप्प राहिली असती तर रविवारी गेली असती, सगळ्यांच्या आधी त्या फळ्यांवर पाय ठेवला असता, आणि तिच्या मागून बाईंनी.

"पाय ठेवू नकात," ती म्हणाली. "ता तेल कच्चा आसा. उकळूचा लागता, म्हयनाभर उनात ठेवूचा लागता." तिने बाईंच्या पावलांकडे पाहिलं. "माका म्हायत हुता."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी नकळत आपली पावलं ट्रंकेजवळ ओढून घेतली.

लवूचं हसू गेलं. त्याने तोंड शेवंतीच्या आवाजाच्या दिशेला वळवलं.

"म्हणान माका बुरशान लावूक सांगलंस," तो म्हणाला.

त्याने बांधलेले हात मांडीवर ओढून घेतले.

"म्हणजे ता बाईंच्या पायांसाठी हुता."

त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. ओरडला असता, लाथ मारली असती, तरी तिने ती घेतली असती. काहीतरी करायला हवं म्हणून ती चुलीशी गेली, भात वाढला, वर सोलकढी घातली, आणि ताट घेऊन त्याच्यापुढे जमिनीवर बसली. त्याचे हात बांधलेले. तिने भात कालवला, घास केला आणि त्याच्या ओठांपाशी धरला.

लवूने तोंड उघडलं नाही.

जेवा, ती हळूच म्हणाली. पुन्हा म्हणाली. भात तिच्या बोटांतून मनगटावर ओघळला. त्याला वास येत होता, भूक होती, गळ्याची घाटी वरखाली होत होती, पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच. दारातल्या बायका हलल्या नाहीत. सुभद्राने पदर तोंडाला लावला होता.

इझाबेलबाई उठल्या. शेवंतीच्या बाजूने, तिला न शिवता, त्या दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या. बायकांनी वाट दिली. आता त्या जातील आणि मग त्याचा राग उतरेल, असं शेवंतीला वाटलं. घास तिने तसाच धरून ठेवला होता. उंबऱ्याबाहेर गेल्यावर बाईंनी मागे वळून पाहिलं. खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, आणि मग शेवंतीच्या घास धरलेल्या हाताकडे.

"जेवा, मेस्त्री," त्या म्हणाल्या.

आणि लवूने तोंड उघडलं. शेवंतीने घास भरवला.